सिस्टीम चालवतो आयटी विभाग, पण ती असते कोणाची?

उंबरठा

नमस्कार. हा धागा आयटीत काम करणाऱ्यांसाठी आहेच, पण त्याहून जास्त तो आयटीवर विसंबून दुसरं काम करणाऱ्यांसाठी आहे. हिशेब, मनुष्यबळ, विक्री, गोदाम, रुग्णालय, शाळा, कुठेही असाल तरी लिहा.

मी बरीच वर्षं संस्थांमधली आयटी व्यवस्था सांभाळते आहे. या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे, ते इथे मांडून तपासून घ्यायचं आहे. संस्थेतल्या प्रत्येक सिस्टीमला एक मालक लागतो, आणि तो आयटी विभागाच्या बाहेरचा लागतो. पगाराच्या सिस्टीमचा मालक मनुष्यबळ विभागाचा प्रमुख. बिलिंगचा मालक वित्त विभागातला एक ठरलेला माणूस. साठ्याच्या सिस्टीमचा मालक गोदाम चालवणारा. आयटी विभाग ती सिस्टीम चालवतो, जपतो, दुरुस्त करतो. पण ती किती वेळ बंद राहिली तर चालेल, कोणता डेटा कोणाला दिसावा, ती कधी बदलायची आणि कधी कायमची बंद करायची, हे निर्णय मालकाचे.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सगळ्याच सिस्टीम 'आयटीच्या' समजल्या जातात. मग पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) टाकण्यासाठी दोन तास मागितले की कोणीच देत नाही, कारण ते दोन तास देण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे हेच ठरलेलं नसतं. जुनी सिस्टीम बंद करूया म्हटलं की "असू दे, कोणीतरी वापरत असेल" असं उत्तर येतं.

ही 'असू दे' वृत्ती किती महाग पडते याचं मला सर्वात बोलकं वाटणारं उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीचं आहे. १ ऑगस्ट २०१२. शेअर बाजारातल्या एका नव्या योजनेसाठी या कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता. सात सर्व्हरवर तो चढला, एकावर राहिला. त्या एका सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेलं एक जुनं फंक्शन, म्हणजे कोडचा एक भाग, तसंच पडून होतं, आणि नव्या कोडने जो फ्लॅग (चालू-बंदची खूण) वापरायला घेतला तो त्या जुन्या फंक्शनचा होता. बाजार उघडल्यावर साधारण ४५ मिनिटांत कंपनीकडून नको असलेले सुमारे ४० लाख व्यवहार झाले आणि ४४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात पुढचा तपशील आहे. बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या आतल्या यंत्रणेने त्या जुन्या फंक्शनचं नाव असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. कोणी त्यावर काही केलं नाही, कारण ते ईमेल इशारे म्हणून वाचायची पद्धतच तिथे नव्हती. कोड चढवल्यावर दुसऱ्या कोणी तो तपासायचा लेखी नियमही नव्हता. गडबड सुरू झाल्यावर घाईत बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढला गेला, आणि नुकसान आणखी वाढलं.

लोक याला 'डिप्लॉयमेंटची', म्हणजे कोड चढवतानाची, चूक म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. नऊ वर्षं न वापरलेलं फंक्शन चालू सर्व्हरवर का होतं? ते काढून टाकायला कोण सांगणार होतं? ते ९७ ईमेल कोणाचे होते? या तिन्ही प्रश्नांना उत्तर देणारा माणूस तिथे नेमलेलाच नव्हता, असं मला वाटतं.

तुमच्याकडे हे कसं चालतं? सिस्टीमचे मालक ठरलेले आहेत का? आणि ते कागदावर आहेत की खरोखर निर्णय घेतात?

रात्रपाळी

धाग्यासाठी धन्यवाद. मी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

मालक हवा हे शंभर टक्के मान्य. पण नाव लिहून भागत नाही, हे इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात दिसतं. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली, पॅचही त्याच वेळी उपलब्ध होता. कंपनीच्या सुरक्षा गटाने ४८ तासांत पॅच टाका असा ईमेल ४०० हून जास्त लोकांना पाठवला. म्हणजे सूचना गेली होती. पण ज्या पोर्टलमध्ये ती त्रुटी होती ते पॅच झालंच नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

यातला मला सर्वात जास्त लागलेला तपशील वेगळाच आहे. नेटवर्कवरची वाहतूक तपासणारं उपकरण तिथे होतं. पण त्यावरचं सर्टिफिकेट (ओळख पटवणारी डिजिटल फाइल) मुदत संपून कित्येक महिने तसंच पडलं होतं, त्यामुळे उपकरणाला एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपातली) वाहतूक वाचता येत नव्हती. २९ जुलैला सर्टिफिकेट नवीन केलं आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसली. एवढं साधं काम. सर्टिफिकेटच्या तारखा पाहणं हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नसलं की असं होतं.

४०० जणांना गेलेला ईमेल कोणालाच गेलेला नसतो. माझ्या टीममध्ये आम्ही पाळतो तो नियम असा: पॅचची सूचना एका माणसाच्या नावाने तिकीट (नोंदवलेलं काम) म्हणून जाते, आणि त्याने "झालं" म्हटलं तरी तिकीट बंद होत नाही. स्कॅनर पुन्हा चालवून त्रुटी दिसत नाही हे पाहिल्यावरच होतं.

काठावरून

वाचनखूण साठवली आहे. उत्तम विषय.

ताळेबंद

मी वित्त विभागात आहे, म्हणजे आयटीवाले ज्यांच्या नावाने बोटं मोडतात तो. माझी बाजूही ऐका.

आमच्यासमोर येणारे आयटीचे प्रस्ताव कसे असतात? 'स्टोरेज अपग्रेड', 'फायरवॉल बदलणे', 'लायसन्स नूतनीकरण', आणि पुढे आकडा. हे नाही केलं तर कोणाचं कोणतं काम थांबेल, किती वेळ थांबेल, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. मग आम्ही काय करणार? मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करतो आणि थोडं कापतो. यात दुष्टपणा नाही, आमच्याकडे तोलायला दुसरं काही नसतं एवढंच.

उंबरठा म्हणतात तसा मालक असेल तर माझं काम पुष्कळ सोपं होईल. कारण मग बिलिंगचा सर्व्हर बदलायची मागणी आयटीच्या खात्यातून न येता बिलिंगच्या मालकाकडून येईल, आणि "हा सर्व्हर महिनाअखेरीला पडला तर तीन दिवस बिलं निघणार नाहीत" हे तोच सांगेल. ते वाक्य मला समजतं. ते मी वरपर्यंत नेऊ शकतो.

आणखी एक. क्लाउड आणि सबस्क्रिप्शनमुळे खर्चाचं स्वरूप बदललं आहे याकडे आयटी विभागांचं पुरेसं लक्ष नसतं. पूर्वी सर्व्हर घेतला की तो मालमत्ता म्हणून दाखवून काही वर्षांत घसारा काढायचा. खरेदीच्या वेळी एकदाच जोरदार चर्चा व्हायची, मग शांतता. आता तोच खर्च दरमहा येतो आणि कोणी न विचारता वाढत जातो. नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावावर चालू असलेली लायसन्स, एका चाचणीसाठी सुरू केलेले आणि बंद करायचे राहिलेले व्हर्च्युअल सर्व्हर. माझी आयटी प्रमुखांकडे एकच आग्रहाची मागणी असते: पुढच्या बारा महिन्यांत कोणता करार कोणत्या तारखेला आपोआप वाढणार आहे आणि तो नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं, याचा तक्ता द्या. नोटिशीची तारीख उलटून गेल्यावर वाटाघाटीत काही हातात राहत नाही.

एक शंका: व्हेंडर '९९.९ टक्के उपलब्धता' म्हणतात तेव्हा नेमकं काय पदरात पडतं?

रात्रपाळी

ताळेबंद, वर्षाचा हिशेब केला तर ९९.९ टक्के म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. पण करार वाचताना तीन गोष्टी पाहा. हिशेब महिन्याचा आहे की वर्षाचा, आधी कळवून केलेली देखभाल त्यात धरली आहे का, आणि भरपाई कशी मिळणार. बहुतेक ठिकाणी भरपाई म्हणजे पुढच्या बिलात थोडी सूट. तुमचं बुडालेलं काम त्यात कुठेच मोजलं जात नाही.

मालसाठा

मी आयटीत नाही, गोदामाचं नियोजन बघते. इथे सगळे सिस्टीमच्या मालकीबद्दल बोलत आहेत म्हणून हिंमत करून लिहिते.

आम्ही सगळं नियोजन एक्सेलमध्ये करतो आणि आयटीला ते माहीत नाही. माहीत झालं तर ते बंद करतील ही भीती आहे. त्यांच्या भाषेत याला 'शॅडो आयटी' म्हणतात आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणात आम्हाला त्याबद्दल दटावलं जातं. पण आम्ही ती शीट का बनवली, हे कोणी विचारत नाही. मुख्य सिस्टीममध्ये एक रकाना वाढवून हवा होता. तिकीट टाकलं. 'प्राधान्य कमी' असा शेरा पडला. माल तर रोज येतो आणि जातो, तो तिकिटासाठी थांबत नाही. मग एका सहकाऱ्याने शीट बनवली, तिच्यात मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) घातले, आणि आता अख्खं गोदाम तिच्यावर चालतं. तो सहकारी दुसरीकडे गेला. मॅक्रोमध्ये काय लिहिलंय ते आम्हाला कोणालाच वाचता येत नाही.

आता या शीटची मालक मी का?

उंबरठा

मालसाठा, तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. आणि हो, माझ्या मते तुम्हीच मालक आहात. तुम्हाला त्या शीटमधलं काम कळतं, ती चुकली तर काय होईल हे तुम्हाला कळतं. मॅक्रो वाचणं ही मालकाची जबाबदारी नाही, ती आयटीने उचलायला हवी.

शॅडो आयटीबद्दल माझं मत बऱ्याच आयटीवाल्यांना रुचत नाही. अशी प्रत्येक शीट म्हणजे आयटी विभागाने न ऐकलेली एक मागणी असते. ती शोधून बंद करण्यापेक्षा तिची नोंद करावी. नोंद झाली की निदान बॅकअप तरी घेता येतो.

नोंद का हवी त्याचं उदाहरण २०२० मधलं इंग्लंडचं आहे. कोविडच्या चाचण्यांचे प्रयोगशाळांकडून आलेले निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये घेतले जात होते. त्या जुन्या प्रकारात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढचं गळून गेलं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. एका राष्ट्रीय यंत्रणेत, साथीच्या ऐन भरात, हे झालं. तिथले लोक निष्काळजी होते असं मी म्हणणार नाही. घाईत जोडलेला एक दुवा कायमचा होऊन बसला आणि त्याची मर्यादा कोणी तपासली नाही.

तुमच्या शीटबद्दल एक सुचवते. आयटीकडे "ही अधिकृत करा" असं मागू नका. "ही उद्या उघडली नाही तर गोदामात काय काय थांबेल" एवढं एका पानावर लिहून द्या. त्या पानाकडे दुर्लक्ष करणं कोणत्याही आयटी प्रमुखाला अवघड जाईल.

सरळरेषा

चर्चा चांगली आहे, पण फार मऊ चालली आहे. मालक ठरवायचा तर चुकीची किंमतही त्यानेच मोजायला हवी. नाव लिहिलेल्या माणसाला शिक्षा होत नसेल तर त्या यादीला काय अर्थ? ज्याने चुकीची कमांड चालवली त्याला घरी पाठवा, पुढचा दहादा विचार करेल.

रात्रपाळी

सरळरेषा, इथे मी ठाम असहमत आहे.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनियरने रात्री उशिरा, डेटाबेसची एक अडचण सोडवताना, चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. मुख्य डेटाबेस जवळजवळ सगळा उडाला. मग कळलं की बॅकअपचे पाच वेगवेगळे मार्ग होते आणि त्यातला एकही धड चालत नव्हता. रोजचा बॅकअप कित्येक दिवस अयशस्वी होत होता, आणि त्याची सूचना देणारे ईमेल समोरचा सर्व्हर नाकारत होता. योगायोगाने एका इंजिनियरने सुमारे सहा तास आधी हाताने एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर सगळं परत उभं राहिलं. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

कंपनीने काय केलं? दुरुस्तीचं काम चालू असताना ते थेट प्रक्षेपित केलं, आणि नंतर सगळी कारणं सविस्तर जाहीर केली. कमांड चालवणाऱ्याला बळीचा बकरा केला नाही. समजा त्याला काढून टाकलं असतं. बॅकअपचे पाच बंद मार्ग त्यामुळे सुरू झाले असते का? शिवाय पुढच्या वेळी कोणाच्या हातून काही झालं तर तो पहिली वीस मिनिटं लपवण्यात घालवेल, आणि बिघाडात तीच वीस मिनिटं सर्वात मोलाची असतात.

जुना वाटाड्या

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तुम्ही वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताय. कीबोर्डवरचा माणूस वेगळा आणि निर्णयाच्या खुर्चीवरचा माणूस वेगळा.

मी आयुष्यभर सिस्टीम बदलण्याची कामं केली, म्हणून टीएसबी बँकेचं उदाहरण देतो. एप्रिल २०१८ मध्ये या ब्रिटिश बँकेने आपले ग्राहक लॉइड्स बँकेच्या जुन्या प्लॅटफॉर्मवरून स्पेनमधल्या सबाडेल या आपल्या मालक समूहाच्या प्लॅटफॉर्मवर एका शनिवार-रविवारात हलवले. डेटा नीट गेला. पण लोक खात्यात शिरायला लागल्यावर सगळं कोसळलं. १९ लाखांपर्यंत ग्राहक खात्याबाहेर अडकले, काहींना दुसऱ्यांची खाती दिसली, आणि व्यवहार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला.

महत्त्वाचं पुढे आहे. २०२३ मध्ये बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला. कशासाठी? त्याने कोड चुकवला म्हणून नव्हे. काम करणारी कंपनी त्याच समूहातली होती. तिने "आम्ही तयार आहोत" असं कळवलं, आणि ती खरोखर तयार आहे का, तिच्या खालचे पुरवठादार तयार आहेत का, याची त्याने पुरेशी खातरजमा केली नाही म्हणून. सरळरेषा, तुम्हाला हवी ती शिक्षा इथे योग्य जागी पोचली असं मी मानतो. थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता.

गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम सुरू करण्याच्या, बैठकांबद्दल अनुभवाने सांगतो. व्हेंडर "होऊन जाईल" म्हणतो, प्रकल्प व्यवस्थापक "तारीख जाहीर झाली आहे" म्हणतो, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. त्या खोलीत "नाही, आज नाही" म्हणण्याचा अधिकार एका माणसाला आधीच लेखी दिलेला असावा. आणि कोणत्या परिस्थितीत तो नाही म्हणेल, तेही आधीच लिहिलेलं असावं. किती चाचण्या पार, एकाच वेळी किती युजर झेपले, परत जुन्यावर जायला किती तास. हे निकष तारीख जवळ आल्यावर ठरवले की ते तारखेला सोयीचेच निघतात. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक फसलेल्या बदलात परतीची वाट कागदावर होती आणि एकदाही चालून पाहिलेली नव्हती.

सरळरेषा

जुना वाटाड्या, हा भेद पटला. माझा रोख निर्णय घेणाऱ्यांवरच होता, पण माझं उदाहरण कमांड चालवणाऱ्याचं होतं, ते मागे घेतो.

पाणंद

थोडा वेगळा सूर. मी लहान संस्थेत आहे. आमच्याकडे आयटी म्हणजे एक माणूस आणि बाहेरचा व्हेंडर. सगळं क्लाउडवर आहे. एवढ्या याद्या आणि मालक मोठ्या कंपन्यांना ठीक. आमची चिंता क्लाउडवाला करतो ना?

रात्रपाळी

पाणंद, नाही करत. करार काढून वाचा. सेवा चालू ठेवणं त्यांच्याकडे, डेटा तुमच्याकडे, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी असते. १० मार्च २०२१ ला ओव्हीएच या मोठ्या पुरवठादाराचं स्ट्रासबर्गमधलं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. आपल्या डेटाची प्रत दुसरीकडे आहे असं गृहीत धरलेल्या कित्येक ग्राहकांना त्या दिवशी कळलं की ती नव्हती, किंवा त्याच आवारात होती.

आता उलट उदाहरण. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउडचं सबस्क्रिप्शन पुरवठादाराच्या बाजूच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. प्रती दोन भौगोलिक ठिकाणी होत्या, पण दोन्हीकडून गेलं, कारण सबस्क्रिप्शन एकच. सहा लाखांहून जास्त सदस्यांची सेवा बंद पडली. ते सावरले, त्यात वेगळ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा वाटा होता. तो बॅकअप ठेवायचा निर्णय घेणाऱ्याला त्या वर्षीच्या बजेटमध्ये नक्की कोणीतरी विचारलं असणार, हा दुहेरी खर्च कशाला म्हणून.

लहान संस्थेला उलट हे सोपं आहे. तुमच्या सिस्टीम हाताच्या बोटांवर मोजता येतील. वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डने, एक प्रत ठेवा. आणि वर्षातून दोनदा ती खरंच उघडून, आतला डेटा वाचून पाहा. कधीच रिस्टोअर (परत उभा) करून न पाहिलेल्या बॅकअपवर मी भरवसा ठेवत नाही.

ताळेबंद

"हा दुहेरी खर्च कशाला"

हे वाचून मी आमच्या बजेटमधली एक ओळ परत उघडून पाहणार आहे.

काठावरून

एक प्रश्न. जुन्या सिस्टीम बदलायला मॅनेजमेंट तयारच होत नाही. चालतंय ना, मग चालू द्या. यावर काय बोलायचं?

उंबरठा

काठावरून, 'चालतंय' हे सामान्य दिवसाचं मोजमाप आहे. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये हिमवादळ आलं. इतर कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्टची कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी जुनी सिस्टीम एवढे बदल एकदम झेपवू शकली नाही. कोणता वैमानिक कोणत्या शहरात आहे हेच कंपनीला कळेना, आणि लोक आपण कुठे आहोत हे सांगायला फोनवर तासन्‌तास थांबले. जवळपास १७,००० उड्डाणं रद्द झाली. ही सिस्टीम कमकुवत आहे असं तिथल्या वैमानिकांची संघटना आधीपासून सांगत होती. वर्षभराने कंपनीवर १४ कोटी डॉलरचा दंड लागला.

म्हणून मॅनेजमेंटला "सिस्टीम जुनी झाली आहे" असं सांगू नका, वय हा मुद्दाच नाही. कोणत्या दिवशी ती मोडेल ते सांगा. नेहमीच्या तिप्पट ऑर्डर आल्या, दोन शाखा एकत्र केल्या, ती लिहिणारा एकमेव माणूस निवृत्त झाला, असे प्रसंग नाव घेऊन मांडा. आणि तो निर्णय मालकाच्या सहीने नोंदवा: "हा धोका मला माहीत आहे आणि मी या वर्षी तो स्वीकारतो." सही मागितल्यावर चर्चेचा सूर बदलतो. बऱ्याचदा पैसेही निघतात.

मालसाठा

आमच्याकडे आयटी विभागाचं यश बंद झालेल्या तिकिटांच्या संख्येवर मोजतात. त्यामुळे "संगणक बंद करून चालू करा" असं लिहून तिकीट बंद होतं आणि आम्हाला नवीन टाकावं लागतं. हिशेबात दोन तिकिटं बंद झाली, काम एकही नाही. यावर उपाय आहे का?

जुना वाटाड्या

आहे. तिकीट बंद करण्याचा हक्क ते टाकणाऱ्याला द्या. आणि संख्येऐवजी एकच आकडा बघा, तीच तक्रार महिन्याभरात परत किती वेळा आली. परत येणारी तक्रार म्हणजे मुळावर काम झालेलं नाही.

आयटीतल्या माणसांसाठीही एक विनंती. रात्री फोन येणाऱ्यांची पाळी असू द्या, एकाच जाणत्या माणसावर सगळं टाकू नका. तो माणूस दमतो, रजा घेत नाही, आणि एक दिवस सोडून जातो. त्याच्या डोक्यातलं कुठेच लिहिलेलं नसतं. मी मुद्दाम अशा माणसाला पंधरा दिवस सक्तीने रजेवर पाठवायचो आणि त्या काळात फोन करायला सगळ्यांना मनाई करायचो. काय काय लिहून काढायचं राहिलं आहे त्याची यादी आपोआप तयार व्हायची.

पाणंद

एआयच्या टूल्सचं काय करता? आमच्याकडे प्रत्येकजण आपापलं वापरतोय.

उंबरठा

शीटसारखंच. बंदी घातली तर लोक स्वतःच्या फोनवरून वापरतील आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. संस्थेने एखादं टूल करार करून द्यावं, आणि कोणती माहिती बाहेरच्या टूलमध्ये टाकायची नाही त्याची छोटी, नेमकी यादी द्यावी. ग्राहकांची ओळख, पगार, पासवर्ड, न जाहीर झालेले आकडे, करार. या विषयाला स्वतंत्र धागा हवा, इथे फाटे नकोत.

रात्रपाळी

मालकांच्या यादीबद्दल एक राहिलं. तिच्यात बाहेरून येऊन आपोआप अपडेट होणारी सॉफ्टवेअरही धरा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. दोष असलेली फाइल दीडेक तासात मागे घेतली गेली, पण बंद पडलेले बरेचसे संगणक एकेक करून हाताने सुरू करावे लागले. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर त्यासाठी रिकव्हरी की (डिस्क उघडायचा सांकेतिक क्रमांक) लागते, आणि काही ठिकाणी त्या की ज्या सर्व्हरवर होत्या तेही बंद पडलेल्यांत होते.

तेव्हा संगणकावर बसवलेल्या अशा प्रत्येक सॉफ्टवेअरबद्दल (एजंटबद्दल) विचारा: याचे अपडेट आपल्याकडे एकाच वेळी सगळीकडे येतात की आधी थोड्या संगणकांवर? व्हेंडर टप्प्याची सोय देत असेल तर ती चालू कोण करणार?

मालसाठा

ही सगळी यादी ठेवायची कुठे? आमच्याकडे अशा गोष्टी शेअर्ड ड्राइव्हवर असतात.

रात्रपाळी

ड्राइव्हवर ठेवाच, पण ड्राइव्ह उघडत नसेल तेव्हासाठी छापील प्रतही हवी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकची सेवा सहा तासांहून जास्त बंद होती, आणि दुरुस्ती लांबण्याचं एक कारण हे की दुरुस्तीला लागणारी आतली साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती.

छापील प्रतीवर सिस्टीमचं नाव, मालक, मालक नसेल तेव्हाचा बदली माणूस, व्हेंडरचा तातडीचा फोन आणि करार क्रमांक, बॅकअप कुठे आहे, आणि कोणती सिस्टीम आधी उभी करायची तो क्रम. पासवर्ड त्यावर नको. आणीबाणीच्या अॅडमिन खात्याचा पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, तिजोरीत. पाकीट फोडलं की नोंद करायची आणि पासवर्ड बदलायचा.

मालसाठा

धन्यवाद. मी आमच्या शीटसाठी ते एक पान लिहायला घेतलं आहे. बदली माणसाच्या रकान्यात कोणाचं नाव घालायचं ते अजून ठरत नाही, कारण माझ्याशिवाय ती शीट कोणी पूर्ण चालवलेली नाही. आधी एका सहकाऱ्याला शिकवते आणि मग पान आयटीकडे देते. त्यांचं उत्तर आलं की इथे लिहीन.

उंबरठा

नक्की लिहा. आणि त्या सहकाऱ्याला शिकवताना तुम्ही बाजूला बसा, माऊस त्यांच्या हातात द्या. ज्या ज्या ठिकाणी ते अडतील ती प्रत्येक जागा त्या पानावर यायला हवी.